वजन आलं की मग आवळ

अक्का,

गाडीनं तुला मारलेलं नाही. हे आधी लिहिते, कारण गेल्या काही दिवसांत अर्ध्या शिंदखेड्यानं मला उलटं सांगितलंय आणि उरलेलं अर्धं तसं मनात म्हणून गेलंय. बाईमाणसानं गाडीखाली लोळू नये, म्हणे. तू गाडीखाली नव्हतीसच. एक्सल डिझेलनं धुऊन तू ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवला होतास, हात राखेनं घासले होतेस आणि चहाचा कप घेऊन बसली होतीस. शेजारच्या शेवंतामायनं भिंतीवरून हाक मारली, तेव्हा तू ओ दिली नाहीस. एवढंच झालं. डॉक्टर हृदय म्हणाले. लोक गाडी म्हणाले. लोकांचं ऐकायची सवय तू मला कधी लावली नाहीस, त्यामुळे आता माझी पंचाईत झालीय.

मी जळगावहून पोचले तेव्हा तू आत चटईवर होतीस आणि बाहेर अंगणात तुझी गाडी होती, तीही अर्धवट. पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. गाडीचं नाक दोन लोखंडी घोड्यांवर चढवलेलं. चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म खाली पोत्यावर, त्याला नवे रबरी बुश तूच बसवून ठेवलेले. आणि नव्या बुटाची खोकी, न उघडलेली. माणसं गाडीकडे पाठ करून बसली होती. मी मात्र तुझ्याआधी तिच्याकडे पाहिलं, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. कणीक भिजवून कुणी मध्येच उठून गेलं असावं, तसं ते सगळं दिसत होतं. तू अर्धं काम टाकणारी बाई नव्हतीस.

बूट म्हणजे काय हे मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी पायातलाच समजले होते. तू हसली नव्हतीस. तुझ्या हातात पाना आला की तू शाळेतली मराठी बोलायला लागायचीस, फळ्यापुढे उभी असल्यासारखी. "हा एक्सल. इंजिनाची ताकद चाकाकडे नेणारा दांडा. चाक वळतं, म्हणून टोकाला सांधा. सांध्यात ग्रीस, आणि ग्रीस बाहेर जाऊ नये, धूळ आत येऊ नये म्हणून वरून हा रबराचा घडीदार बूट. बूट फाटला तर बदलता येतो, मंदे. तिकडे कानाडोळा केला की सांधा जातो. मग गाडी वळताना कट-कट वाजते." आणि आपल्या शेतरस्त्यांवर तर बूट फाटायलाच जन्माला येतो. कपाशी काढल्यावर पऱ्हाटीचे खुंट उभे राहतात, ते भाल्यासारखे असतात. तरी तुला गाडी शाळेपर्यंत, मळ्यापर्यंत, कुणाच्या बाळंतपणापर्यंत न्यायचीच असायची.

तुझं सगळं उरकून घरी आल्यावर भाऊनं पहिली गोष्ट काढली ती गाडीची. तू थोरली, तो मधला, मी शेंडेफळ. तुझ्यामागे घरातला कर्ता पुरुष म्हणजे तो, असं त्याला सगळे सांगत होते आणि त्याला ते खरंही वाटायला लागलं होतं.

"ती गाडी भंगारमा दी टाकू," तो म्हणाला. "त्या गाडीनीच जीव लिधा तिन्हा."

"अक्काच्या अस्थी मुडावदला संगमावर त्याच गाडीतून जातील," मी म्हणाले.

"मंदे, तिले चाक नही शे."

"बसवते."

"कोन?"

"मी."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तेराव्याला तमाशा ठेवायचं म्हणाले होते. मग दमून म्हणाला, "दशक्रियापर्यंत ती चाकेसवर उभी राह्यनी ते मंग दखू. नही ते क्रेन बलावस." मी बरं म्हणाले. तुझा निरोप तुझ्या गाडीनं, चार चाकांवर, फाटकातून. नाही तर क्रेनच्या साखळीला लटकून गाडी जाणार आणि तू भाड्याच्या जीपमध्ये. माझ्यापुढे एवढीच गोष्ट होती आणि मला ती पुरेशी मोठी होती.

लोक विचारतात, ही बाई या नादाला लागली कशी. लग्न केलं नाहीस त्याची कारणं लोकांनी तुझ्यापेक्षा जास्त शोधली, तशीच याचीही शोधतात. मला खरं कारण ठाऊक आहे, कारण मी तेव्हा तुझ्या शेजारी उभी होते. धुळ्याच्या एका गॅरेजमध्ये तू गाडी घेऊन गेलीस. खड्ड्यातून जाताना पुढे काहीतरी ठोकतंय, असं सांगितलंस. तो माणूस तुझ्या डोक्यावरून मागे कुणीतरी शोधत म्हणाला, "बाई, घरच्या माणसाला पाठवा. त्यांना समजावून सांगतो." तू म्हणालीस, "घरचं माणूस मीच." त्यानं ते चेष्टेवारी नेलं, बुश बदलून दिले, आणि पावसाळा संपायच्या आत ते बुश पार फाटून पुन्हा ठोका सुरू झाला. तू दुसऱ्यांदा त्याच्याकडे गेली नाहीस. भांडलीही नाहीस. जॅक आणलास, घोड्या आणल्यास, पाने आणलेस आणि येणारी सगळी सुट्टी गाडीखाली घातलीस. बुश का फाटले, हे समजेपर्यंत तू मला सुखानं जेवू दिलं नाहीस.

आणि कारण समजल्यावर तर अजिबातच नाही. त्यानं आर्मचे बोल्ट गाडी हवेत असतानाच आवळले होते. चाक लटकत असताना आर्म खाली झुकलेला असतो. तेव्हाच बोल्ट आवळला की बुशाचं रबर त्या स्थितीत जखडतं. मग गाडी जमिनीवर आली, वजन पडलं, आर्म वर गेला, की रबराला जन्मभर पीळ. पिळातच ते फाटतं. "म्हणून आधी बोल्ट हातानं नुसते लावून ठेवायचे. गाडी खाली उतरवायची. वजन आलं की मग आवळायचे." हे वाक्य तू मला इतक्या वेळा ऐकवलंस की माझ्या घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण लावतानाही ते आठवतं.

यावर आपलं भांडण संपलेलं नाही, हे लक्षात असू दे. गाडी वर असताना सगळं हाताशी असतं, पान्याला जागा असते. खाली उतरवली की बाभळीच्या फळ्यांवर चाकं चढवून पोटावर सरपटत आत जावं लागतं, पान्याचा दांडा, टॉमी, अर्धा इंचसुद्धा फिरत नाही, केसात माती जाते. मी म्हणायचे, वर असताना आर्मला दुसरा जॅक लावून उचल, वजन आल्यासारखंच होईल. तू म्हणायचीस, आल्यासारखं आणि आलेलं यात फरक आहे. मी अजून म्हणते की माझी युक्ती चालली असती. तू जिंकून गेलीस असं समजू नकोस. तू नुसती गेलीस.

भाऊचीही एक गोष्ट मला इथे लिहायचीच आहे, त्याला राग आला तर येऊ दे. त्यानं तुझी गाडी मळ्यात नेली होती आणि पऱ्हाटीच्या खुंटानं उजवा बूट फाडून आणला होता. तुला सांगायची त्याची छाती झाली नाही. मग या शहाण्यानं काय करावं? केळीच्या घडाला घालायची निळी पिशवी घेतली, फाटक्या बुटावर गुंडाळली, सुतळीनं दोन्हीकडून गच्च बांधली आणि गाडी मुकाट्यानं अंगणात लावून निघून गेला. तू दुसऱ्या दिवशी नरडाण्यापर्यंत गेलीस. परत आलीस तेव्हा चाकाच्या आत निळ्या चिंध्या, ग्रीस आणि सुतळीचा गुंता, आणि मागे रस्त्याभर फडफड. तू त्याला फोन करून एवढंच विचारलंस, "भाऊ, गाडीले घड कधी लागना?" तो महिनाभर शिंदखेड्याकडे फिरकला नाही. खान्देशात घडाला पिशवी बांधली की सगळ्या रोगांपासून सुटका, असं मानणारी जात आहे, आणि आपला भाऊ तिचा पाटील आहे.

दुसरं भांडण मात्र आता कुणाशी करू, ते कळत नाही. तू शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तुला म्हणत होते, जळगावला ये, माझ्याकडे राहा. दोन खोल्या रिकाम्या आहेत, दवाखाना जवळ आहे, लिफ्ट आहे. तू विचारायचीस, अंगण आहे का? मी म्हणायचे, खाली पार्किंग आहे. तू म्हणायचीस, तिथे गाडीखाली झोपू देतील का? देणार नाहीत हे दोघींना ठाऊक होतं. आमच्या सोसायटीत गाडी धुतली तरी फलक लागतो. "मग नाचता येणाऱ्यालाही अंगण लागतं, मंदे," असं म्हणून तू विषय मिटवायचीस. दिवाळीनंतर बघू, म्हणायचीस. कुठल्या दिवाळीनंतर, ते तू कधीच सांगितलं नाहीस.

तुझ्या अस्थींचं मडकं तांबड्या फडक्यात बांधून अंगणातल्या कडुनिंबाला टांगलं होतं. बरोबर गाडीच्या डोक्यावर. तू वर आणि मी खाली. आयुष्यभर उलटं होतं. तू खालून हात बाहेर काढायचीस, बोटं हलवायचीस, आणि तुला पान्याची चौदाची गोटी हवी की सतराची हे मी बोटांवरून ओळखायचे. इतकी वर्षं मी पाने दिले, बत्ती धरली, पण स्वतः काही आवळलं नव्हतं. आता बत्ती धरायला कुणी नव्हतं. मी तुझा तो तेलकट गाऊन घातला, डोक्याला फडकं बांधलं आणि बसले.

तुझी सगळी वाक्यं मला आठवत होती. एक्सलच्या दात्यांना दुधाची पिशवी गुंडाळायची, म्हणजे नवा बूट सरकवताना रबर कातरत नाही. ग्रीस हातचं राखून भरायचं नाही, आहे तेवढं सगळं सांध्यात. सांधा लाकडाच्या ठोकळ्यावरून ठोकायचा, आतलं लॉक टक्‌ वाजेपर्यंत. मी सांध्यात ग्रीस भरलं. ठोकळा धरला. ठोकलं. टक्‌ वाजलं. इतका आनंद मला मुलीच्या निकालाला झाला नव्हता. वर कडुनिंबाकडे बघून मी मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंस?"

मग खोकीकडे लक्ष गेलं. बूट खोकीतच होता.

आधी बूट दांड्यावर, मग सांधा. पोलक्यात हात घालायच्या आधी बटणं लावल्यासारखं मी केलं होतं. आता लॉक दाबून सांधा पुन्हा उपसायचा, आणि तो नवऱ्याच्या मावशीसारखा बसला होता, हलेना. तू असतीस तर काही बोलली नसतीस. खोकी उचलून माझ्या मांडीवर ठेवली असतीस आणि आत जाऊन चहा टाकला असतास. मी एकटीच हसले आणि मग स्वतःला अहिराणीत चार शिव्या दिल्या, त्या तुला ठाऊक आहेत, कारण त्या तूच शिकवल्यास. सांधा निघाला. पिशवी, लहान क्लिप, बूट, मग सांधा. पुन्हा टक्‌ वाजलं. या वेळी मी वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारदर्शन होतं, म्हणजे नात्यागोत्यातली माणसं दारावर येऊन रडून जाणार होती. भाऊ आदल्या संध्याकाळीच म्हणाला होता, निदान ती माणसं येऊन जाईपर्यंत गाडीवर ताडपत्री टाक. मी नाही टाकली. दारावर येणाऱ्यांना रडणारी बहीण हवी असते, हे मला समजतं. मी स्वतः किती जणांच्या दारावर जाऊन बसलेय, फाटकापासूनच सूर लावत गेलेय. पण एक्सल गिअरबॉक्समध्ये घालायचा राहिला होता आणि वारा थांबलेला होता, धूळ उडत नव्हती. तुझाच नियम, सांधे उघडे असताना वाऱ्याची वेळ बघायची. म्हणून बायकांचा पहिला घोळका डोक्यावर पदर घेऊन, "मायवं, कशी गई वं," करत फाटकातून आत आला, तेव्हा त्यांना माझे पाय दिसले. फक्त पाय.

सूर तुटला. मी खालून पाहत होते, चपलांची रांग जागच्या जागी थांबली. कुणीतरी कुजबुजलं, डोकं फिरलंय. पुरुषांमधून भाऊ उठून आला असावा, त्याच्या वहाणा मला ओळखू आल्या. त्या माझ्या पायांपर्यंत आल्या आणि तशाच परत गेल्या. ते मला आवडलं नाही. त्यापेक्षा त्यानं ओरडायला हवं होतं.

मग शेवंतामाय आली. तिच्या वयाला तिला वाकता येत नाही, तरी ती गाडीजवळ मातीत बैठक मारून बसली आणि माझ्या पावलावर हात ठेवून रडली. तोंड दिसत नव्हतं तर पायाशी रडली. रडून झाल्यावर पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "आते काय करी राह्यनी?"

"आत भोक आहे, ते दिसत नाही. दांडा त्यात घालायचाय."

"बत्ती माले दे. कोठे धरू?"

मी सांगितलं. तिनं धरली. उजेड बरोबर जागेवर पडला. दारावर आलेल्या चाळीस-पन्नास माणसांसमोर एक म्हातारी गाडीखाली बत्ती धरून बसली आणि दांडा जागेवर गेला. तेवढ्यात, बत्ती न हलवता, ती म्हणाली, "माले ठाऊक व्हतं, पोरी."

"काय?"

"तिन्हा छातीमा कळ ये. माले सांगं व्हतं तिनी. तुले सांगू नको म्हने."

मी विचारलं, का.

"म्हने, मंदाले कळनं ते ती माले जळगावले ली जाई. तठे आंगन नही."

डोळ्यांत आलं, आणि हात कोपरापर्यंत ग्रीसनं भरलेले. पुसायचं कशानं? तशीच पडून राहिले. पाणी कानात गेलं. शेवंतामायला दिसलं नसावं. तिनं आपणहून बत्ती थोडी बाजूला वळवली, म्हणजे कदाचित दिसलंही असेल.

अक्का, याबद्दल मी तुला माफ करणार नाही. गाव ओलांडून येणाऱ्या दुसऱ्याच्या गाडीचा सांधा वाजतोय हे तुला ओट्यावर बसून कळायचं. मागच्या सुट्टीत चाकाचे नट सोडताना तू मध्येच बसलीस, मी विचारलं तर "धूळ गेली" म्हणालीस. तुझ्या घशात धूळ जाते आणि तू खोकत नाहीस, असं कधी झालं होतं? शेजारणीला सांगितलंस आणि मला नाही. तिच्याकडून वचन घेतलंस. मी काय केलं असतं ते तू बरोबर ओळखलं होतंस, हे आणखी वाईट. होय, नेलंच असतं. हाताला धरून, गाडीची किल्ली तळ्यात फेकून, लिफ्टनं वर नेलं असतं. डॉक्टरांच्या पुढे बसवलं असतं. कदाचित तू अजून दहा वर्षं माझ्या बाल्कनीत बसून खालच्या गाड्यांचे आवाज ओळखत राहिली असतीस. मला तेही चाललं असतं. तुला चाललं नसतं, म्हणून तू मला विचारलंच नाहीस. बहिणीला विचारायचं असतं, अक्का. भांडायची संधी तरी द्यायची असते. तुझ्यामाझ्यात आपण भांडणाशिवाय काय वाटून घेतलं होतं?

हे मी तुझ्या गाडीखाली पडून म्हटलं, मनातल्या मनात, आणि मग आर्मच्या टोकाला चाकाशी जोडणाऱ्या चेंडूसांध्याचा बोल्ट लावला. राग आला की हात घट्ट चालतो. तो बोल्ट तरी आता सुटायचा नाही.

दशक्रियेच्या आदल्या दिवशी सगळं जागेवर होतं. आर्म लावलेला, त्याचे बोल्ट हातानं नुसते बसवलेले. चाक चढवलेलं. सांडलं तेवढं नवं गिअर ऑइल भरलेलं. गाडी अजून घोड्यांवरच. भाऊ दोन चुलत्यांना घेऊन आला. चुलते पुन्हा पुन्हा यायचे नव्हते, म्हणून तो म्हणाला, गाडीचं जाऊ दे, घराचं काय करायचं ते आजच ठरवून टाकू. विकायचं का, भाड्यानं द्यायचं. अक्काचं सामान कोण नेणार. सगळे समोर आहेत, एकदा पक्कं होऊन जाऊ दे.

मी हातातला पाना पुसत होते. म्हणाले, "भाऊ, गाडी अजून घोडीवर आहे."

चुलत्यांना काही कळलं नाही. भाऊला कळलं. तुझ्या हाताखालून तोही गेलेला आहे, केळीच्या पिशवीनंतर तू त्याला सगळी सुट्टी अंगणात बसवून शिकवलं होतंस. लटकत असताना आवळलेलं फाटतं, हे मी त्याला पुन्हा सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. तो चुलत्यांना म्हणाला, "तुम्ही चहा घ्या. घरनं मंग दखू." आणि मला म्हणाला, "फया कोठे शेत?"

बाभळीच्या फळ्या त्यानंच चाकांखाली सरकवल्या. मी जॅक थोडा उचलला, त्यानं घोड्या काढल्या. मग मी जॅकचा दांडा हळूहळू सोडला. गाडी खाली येऊ लागली. टायर फळीला टेकला, स्प्रिंग दबली, आणि सगळी गाडी एकदा खोल खाली बसली, एखादं माणूस दिवसभर उभं राहून मग ओट्यावर बसावं तशी. त्या आवाजाला मी रडले. इतके दिवस सगळे सांगत होते, रड, मोकळी हो. आलं नव्हतं. तेव्हा आलं, चुलत्यांसमोर, जॅकचा दांडा हातात धरून, लहान पोरीसारखं. भाऊनं मला गप्प केलं नाही. त्यानं गाडीचं दार उघडलं आणि तो आत जाऊन स्टेअरिंगपुढे बसला.

"काय करतोस?" मी विचारलं.

"वजन," तो म्हणाला. "अक्का माले बठाडे ना."

म्हणजे मी नसताना तू त्याला बसवायचीस. हे मला ठाऊक नव्हतं. पोटावर सरपटत मी आत गेले. टॉमी अर्धा इंच फिरत नव्हता, केसात माती गेली, आणि मी तुझ्या पद्धतीनं, वजनाखाली, दोन्ही बोल्ट आवळले. चाकाच्या मधोमध एक्सल धरून ठेवणारा हबचा मोठा नट राहिला होता. बोअरचा जुना पाइप टॉमीवर चढवला, भाऊनं आतून ब्रेक दाबला आणि मी पाइपावर उभी राहिले. तू उभी राहायचीस तशी, कडुनिंबाच्या फांदीला धरून. तुझं मडकं माझ्या गालाला लागलं.

मुडावदला जाताना पुढे मी आणि भाऊ, त्याच्या मांडीवर तू. मागे शेवंतामाय, कारण ती ऐकेना. जीप भाड्यानं आली होती, तीत बाकीचे. गावातून जाताना मी काचा खाली ठेवल्या. लोक दारांतून बघत होते. भंगारात जाणारी गाडी बघायला मिळेल असं ज्यांना वाटलं होतं, त्यांना मी हॉर्न दिला. दोनदा दिला.

संगमाच्या अलीकडे मोकळं मैदान आहे. तिथे मी गाडी रस्त्यावरून खाली घेतली. भाऊनं विचारलं, "आठे काय?" मी स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं आणि गोल फिरवायला सुरुवात केली, सावकाश, मग पूर्ण उजवीकडे. शाळेच्या मैदानात तू प्रत्येक कामानंतर अशीच फिरायचीस, मान खिडकीबाहेर काढून, आणि पोरं वर्गातून बघायची. जीपमधली माणसं आमच्याकडे बघत राहिली. भाऊनं मडकं छातीशी धरलं होतं.

"काय करी राह्यनी मंदे?"

"ऐक."

पांझरेकडून वारा येत होता. टायरखाली वाळू चुरत होती. बाकी काही नाही. कट नाही, ठोका नाही. भाऊनं मान खिडकीबाहेर काढली, अगदी तुझ्यासारखी, आणि आम्ही आणखी एक फेरी मारली. मग तो म्हणाला, "नही वाजी राह्यनी." त्यानं तुझ्या मडक्याला सांगितलं, मला नाही.

तुला पाण्यात सोडलं. दशक्रिया झाली. जेवणं झाली. चुलते गेले. घराचं अजून ठरलेलं नाही आणि मी ते इतक्यात ठरवू देणार नाही. भाऊ आता गाडीला भंगार म्हणत नाही, पण मळ्यात नेण्यासाठी मागायला लागलाय. मी नाही म्हणाले. त्याच्याकडे केळीच्या पिशव्या फार आहेत.

मी अजून शिंदखेड्यातच आहे. रजा वाढवली. तुझा ओटा, तुझा कप, तुझे पाने हाताशी आहेत. काल गाडीखाली पुन्हा शिरले होते, सहज, बोल्ट बघायला. उजवीकडच्या बुटाच्या घडीत चीर आहे, अजून पुरता फाटलेला नाही. तू पाहिली असशीलच. पावसाआधी तो मी बदलणार आहे, तुझ्याच अंगणात, भर दिवसा, फाटक उघडं ठेवून. आधी बूट, मग सांधा. ज्यांचं दारावर यायचं राहिलं असेल त्यांनी तेव्हा यावं. माझे पाय दिसतील.